नदीचे अक्षर

एकदा एक तरुण एका वृद्ध रंगाऱ्याकडे अक्षर शिकण्यासाठी येऊन राहिला. शाळा त्याने मध्येच सोडली होती. चार माणसांत उभे राहिले की त्याच्या मनातले मनातच राही. पण पत्र्यावर एकदा काढलेले अक्षर अडखळत नाही, लाजत नाही, सांगायचे ते सांगून मोकळे होते, हे त्याने लहानपणीच पाहिले होते. म्हणून तो त्या वाटेला आला.

वृद्धाला सगळे गाव आबा म्हणे. गावातल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. सोनाराला तो नाजूक, वेलांटीला वळसे असलेले अक्षर देई. वैद्याला शांत, गोल अक्षर देई. ज्याला जे हवे ते त्याने कधी नाकारले नाही. एक अक्षर मात्र त्याने गावात कुठेच काढले नव्हते. ते फक्त नदीवर होते.

गावाखालून वाहणारी नदी दिसायला भोळी होती. गुडघाभर पाणी, खाली वाळू. पण ती वाळू उपसून नेणाऱ्यांनी तिच्या पोटात जागोजाग खड्डे केले होते. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल टाकावे आणि पाणी डोक्यावरून जावे, अशी त्या नदीची रीत झाली होती. शिवाय पूर आला की जुने खड्डे बुजत, नवे पडत. गेल्या वर्षीची वाट या वर्षी भरवशाची नसे. म्हणून पावसाळा ओसरला की आबा लांब बांबू घेऊन पाण्यात उतरे, तळ चाचपे, आणि जिथे बांबू हातातून निसटू पाही तिथे काठावर पत्र्याचा बोर्ड रोवी. त्यावर लाल रंगाच्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत एवढेच असे : ‘खोल पाणी. उतरू नका.’

ते अक्षर त्याने शिष्याला हळूहळू शिकवले. चपट्या ब्रशची पूर्ण रुंदी टेकवायची आणि शेवटपर्यंत तेवढीच ठेवायची. कुठे बारीक होणे नाही, टोकाला शेपूट नाही, नखरा नाही. वरची रेघ आडवी, पाण्याच्या पातळीसारखी. आणि तिच्याखाली सगळे दांडे एकाच बाजूला कललेले. निळीची पूड चोळलेली सुतळी ताणून आबा आधी तिरप्या रेघा मारून घेई आणि मग प्रत्येक दांडा त्या रेघेवर निजवी.

“जाड अक्षराचं पोट, म्हणजे आतली मोकळी जागा, लगेच भरतं,” तो म्हणे. “मग लांबून नुसता ठिपका दिसतो. रेघ जाड कर, पण पोट रिकामं ठेव. पलीकडच्या काठावरच्या माणसाला दिसलं पाहिजे.”

“पण आबा, तिरपं कशाला?” शिष्याने विचारले.

“उभं अक्षर निवांत असतं. त्याच्याकडे बघून कोणी दचकतं का? हे बघ, हे आता पडेल असं वाटतं. बघणारा जागीच थांबतो.”

शिष्याला ते अक्षर फार आवडले. इतके थोडे बोलणारे आणि इतके ठाम काही त्याने पाहिले नव्हते. एके दिवशी त्याने भीत भीत विचारले, “हे गावात कुठे काढलं तर?”

“नाही काढायचं,” आबा म्हणाला. “नदीचं आहे ते.”

याहून अधिक त्याने काही सांगितले नाही, आणि विचारण्याचे धाडस शिष्याला झाले नाही.

काठावर तान्हाबाई नावाची म्हातारी धुणी धुई. पलीकडच्या आळीतल्या बऱ्याच घरांच्या गोधड्या तिच्याकडे येत. तिच्याबरोबर तिची तरणी सून गिरजा असे. बोर्ड रोवताना शिष्य दिसला की तान्हाबाई हमखास खोडी काढी.

“काय रे मुक्या मास्तर, आज तरी बोलणार का? का तुझ्या तोंडालाबी रंग फासलाय आबांनी?”

शिष्य मान खाली घालून हसे. मग ती बोर्डाकडे हात करून सुनेला म्हणे, “गिरजे, मला काळं का पांढरं वाचता येत नाही. पण हे येतं. हे दिसलं की पाय मागं. माझ्या सासूनं बजावलं होतं, मी तुला बजावते.”

तिचे ते बोलणे ऐकून शिष्याला वाटे, आपले अक्षर न वाचताही वाचता येते. याहून मोठे भाग्य रंगाऱ्याला कोणते?

त्याच गावात एक चहाचा व्यापारी होता. एका सकाळी तो नदीवरून परत येताना आबाच्या दारात थांबला.

“आबा, काय अक्षर आहे हो ते नदीवरचं! पळतंय नुसतं! माझ्या दुकानावरचं अक्षर म्हणजे आमचे दिवाणजी, गादीवर बसले ते बसलेच. मला हे पळणारं पाहिजे.”

“शेठ, ते पळत नाही,” आबा म्हणाला. “पडतंय ते.”

“पळू द्या नाहीतर पडू द्या, लांबून दिसतंय ना? माणूस वळून बघतो ना? झालं तर.”

“तुम्हाला दुसरं देतो. याहून देखणं देतो.”

“देखणं घेऊन काय करू? लोक देखण्याकडं बघत नाहीत आता.”

आबाने हात जोडले आणि विषय संपवला. व्यापारी उठला, पण जाताना त्याची नजर कोपऱ्यात रंग ढवळणाऱ्या शिष्यावर पडली, आणि ती तिथे जरा जास्त रेंगाळली.

पुढे आबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया, मग दुसऱ्याची, म्हणून मुलीने त्याला आपल्याकडे शहरात नेले आणि बरेच महिने ठेवून घेतले. ब्रश, रंग, सुतळी, सगळे शिष्याच्या हवाली झाले. आणि व्यापारी पुन्हा आला.

त्याने पैशाची गोष्ट काढलीच नाही. तो जाणता माणूस होता. तो म्हणाला, “पोरा, एवढी कला हातात, आणि कोण बघतं रे तुझं काम? चार धुणेवाल्या आणि दोन म्हशी. मी तुला सगळा तालुका देतो. वेशीवर, स्टँडवर, घाटावर, जिथं भिंत तिथं तुझं अक्षर.”

त्या दिवशी शिष्य बराच वेळ ब्रश हातात धरून बसून राहिला. ज्याची आयुष्यात कोणी दोन वाक्ये ऐकून घेतली नव्हती, त्याला कोणी सगळा तालुका ऐकायला देत होते. आबा नको म्हणाला होता, हे खरे. पण का नको, हे कुठे सांगितले होते? अक्षराला का कोणी मालक असतो? पाण्याला, वाऱ्याला जसा मालक नाही, तसाच आकारालाही नाही. अशी त्याने आपली समजूत घातली. आपल्याला जे करायचेच असते, त्याला कारणे फार लवकर सापडतात.

त्याने वेशीवरची भिंत रंगवली. लाल जमिनीवर पांढरे, जाड, तिरपे अक्षर : ‘चहा प्यावा तर असा!’ दुसऱ्या दिवशी माणसे थबकून उभी राहिलेली त्याने दुरून पाहिली, आणि घरी येऊन तो आनंदाने रडला. मग स्टँडची भिंत झाली, शाळेचे कुंपण झाले, आणि शेवटी नदीचा काठही झाला. कारण धुणे आटोपून दमलेल्या बायांना चहाची आठवण तिथेच होते, असे व्यापाऱ्याचे म्हणणे.

एकाचे पाहून दुसरा आला. टेम्पोवाल्याला ते हवे झाले, कारण ते पळत होते. शिकवणीवाल्याला हवे झाले, कारण ते पुढे झुकत होते. कपड्यांच्या सेलला, कुस्त्यांच्या फडाला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, सगळ्यांनाच ते हवे झाले. शिष्याचे हात पुरेनात तेव्हा दुसऱ्या रंगाऱ्यांनी त्याची नक्कल केली. सुरुवातीला लोक थांबून वाचत. मग चालता चालता वाचू लागले. मग त्यांनी वाचणे सोडून दिले. शिष्याच्या हे ध्यानात आले नाही. तो अक्षराकडे पाहत होता, माणसांकडे पाहत नव्हता.

भाद्रपदात पाऊस ओसरला आणि आबा परत आला. एसटीतून उतरताच त्याने नव्या डोळ्यांनी गाव पाहिले. स्टँडच्या भिंतीसमोर तो उभा राहिला, वेशीपाशी उभा राहिला. घरी येऊन पाणी प्यायला. शिष्य दाराशी उभा होता. आबा रागावला असता तर त्याला बरे वाटले असते. आबाने फक्त विचारले, “नदीवर पण काढलंस?”

“चहाचा एक बोर्ड आहे, आबा. वरच्या अंगाला.”

आबाने डोळे मिटले. मग काही दिवस नेहमीप्रमाणे तो बांबू घेऊन पाण्यात उतरला, शिष्याला बरोबर घेऊन त्याने खड्डे चाचपले, बोर्ड रोवले, आणि काठावर बसून येणारी-जाणारी माणसे त्यांच्याकडे बघतात का ते पाहिले. शिष्याच्या मनावरचे ओझे उतरले. आणि मग एका सकाळी पाहतो तो काय, आबा चुन्याची बादली घेऊन नदीवर गेलेला, आणि स्वतःच रोवलेल्या एकेका बोर्डावरून कुंचला फिरवून अक्षरे पुसून टाकतो आहे.

“आबा! हे काय करताय?”

आबाचा कुंचला चालूच राहिला. बोर्ड पांढरेफटक होत गेले. शिष्याला वाटले, हा आपल्यावरचा राग आहे. आपण अक्षर बाटवले, म्हणून आता हा म्हातारा ते जगातूनच पुसायला निघाला आहे. त्याचे काळीज तुटले. त्याने गावात जाऊन माणसे बोलावून आणली.

“काय हो आबा,” एकाने त्याचा हात धरला, “डॉक्टरनं डोळे काढले का डोकं काढलं? बोर्ड पुसले तर माणसं मरतील की!”

“बोर्ड नकोत,” आबा म्हणाला. “इथे माणूस बसवा. पाळी लावा. प्रत्येक घरातून एक.”

“ऐका आता! ज्याचं त्याचं काम सोडून नदीवर कोण बसणार? मग बोर्ड कशाला असतो?”

“पोरगं आहे ना तयार,” दुसरा म्हणाला. “त्याचा हात आता आबांपेक्षा बसलाय. ए, उद्याच्या उद्या रंगवून टाक सगळे.”

आबाने शिष्याकडे पाहिले. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती. पण शिष्याला ती ओळखता आली नाही, कारण त्या माणसाने कधी कोणाची विनवणी केलेली त्याने पाहिली नव्हती. आबा बादली तिथेच टाकून घरी गेला.

शिष्याने बोर्ड रंगवले. मनापासून रंगवले. आबाने शिकवलेले सगळे त्यात होते. रेघ जाड आणि पोट रिकामे, दांडा सुतळीवर तंतोतंत. इतके निर्दोष अक्षर त्याने आजवर काढले नव्हते. त्याला वाटले, हे पाहून आबाचा राग जाईल.

घटस्थापना जवळ आली. घराघरांतून गोधड्या, वाकळा, सतरंज्या बाहेर निघाल्या आणि नदीचा काठ बायांनी भरून गेला. नेहमीच्या दगडांवर जागा मिळेना. तान्हाबाई आणि गिरजा गोधड्यांचे गाठोडे घेऊन खाली खाली सरकत एका मोकळ्या जागी आल्या. तिथे बोर्ड होता. गिरजा थांबली.

“आत्याबाई, हे बघा.”

तान्हाबाईने पाहिले. जाड, तिरपे, लाल जमिनीवर पांढरे.

“चहाचा हाय तो,” ती म्हणाली. “उतर तू. मी आलेच.”

गिरजा उतरली. गुडघाभर पाण्यात तिने गोधडी पसरली. ती प्रवाहाने पुढे ओढली गेली, तिला धरायला गिरजाने आणखी एक पाऊल टाकले. भिजल्या गोधडीचे वजन माणसाला वर येऊ देत नाही.

तिला बाहेर काढले तेव्हा सगळा गाव काठावर होता. शिष्यही धावत आला. तान्हाबाई बोर्डापाशी बसली होती. ती रडत नव्हती. जो येईल त्याला ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू कोणी तिची साक्ष घेत होते.

“मला वाटलं चहाचा बोर्ड हाय. तिनं इचारलं मला. मीच म्हणलं उतर. मला वाटलं चहाचा हाय.”

शिष्याला पाहून ती थांबली. आज तिने त्याला मुका मास्तर म्हटले नाही. तिने तोंड बोर्डाकडे वळवले, आणि ते त्याला आयुष्यभर पुरेल एवढे होते.

दहाव्याचे विधी उरकले तेव्हा शिष्य आबाच्या पायाशी येऊन बसला.

“आबा, तुम्ही पुसत होतात. मी परत काढले. तुम्ही सांगायचं होतं.”

“हो,” आबा म्हणाला. “सांगायचं होतं. आयुष्यभर पत्र्यावरच बोलत आलो. तोंडानं सांगायची सवयच राहिली नाही. पोरा, पांढरा पत्रा दिसला असता तर तान्हाबाई उभी राहिली असती. म्हणाली असती, हे काय नवीन? कोणाला तरी विचारलं असतं. पण जे अक्षर आपल्याला ओळखीचं वाटतं, तिथं माणूस विचारत नाही. दारावरचा राखणदार मेला तर घरवाले जागे राहतात. त्याचं मढं टेकून बसवलं, तर सगळे निर्धास्त झोपतात. अक्षर मेलं होतं. मी मढं उचलत होतो.”

शिष्याने कपाळ जमिनीला टेकवले. मग एकाएकी तो उठून बसला. “नवं काढू, आबा. दुसरं अक्षर काढू. याहून जाड, दुसऱ्या अंगाला कललेलं. कोणाला देणार नाही मी. शपथ घेतो.”

आबाने त्याच्याकडे फार करुणेने पाहिले.

“आकार काय, तू उद्या काढशील. चांगलाही काढशील. पण त्या अक्षराला बघून पाय मागे का यायचे, ठाऊक आहे? मी पहिल्यांदा काढलं तेव्हा लोक हसले होते. मग त्या जागी एक गेला. मग दुसरा गेला. माझा धाकटा भाऊ गेला. तेव्हा कुठे आया पोरांना सांगायला लागल्या. त्या अक्षरात रंग मी भरला, बाळा. अर्थ बुडालेल्यांनी भरला. तू ते दिलंस तेव्हा तुला वाटलं आबाचं अक्षर दिलं. ते माझं नव्हतंच.” त्याचा आवाज खाली गेला. “आता नव्या अक्षरात अर्थ भरायला आणखी कोण हवंय तुला?”

बाहेर टेम्पो गेला, त्याच्या पाठीवर तेच अक्षर पळत होते.

शिष्याने ब्रश परत हातात धरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सगळे बोर्ड पांढरे केले, आणि तो नदीवर जाऊन उभा राहिला. गावाने पाळी लावली नाही. दुःख ओसरले तशी गिरजाही लोकांच्या बोलण्यातून ओसरली. पांढऱ्या पत्र्यांचीही सवय झाली, आणि लवकरच कोणी त्यावर दात घासायच्या पावडरीची जाहिरात चिकटवून गेले. आबा थंडीत गेला. शिष्य उभाच होता. कोणी उतरू लागले की तो ओरडे. पण ज्याचा आवाज कधी चार माणसांपलीकडे गेला नव्हता, तो नदीपलीकडे कसा जावा? शिवाय गावात आता सगळेच ओरडत. रिक्षांवर भोंगे लावून भाजीवाला ओरडे, गादीवाला ओरडे, पुढारी ओरडे.

एके दिवशी परगावची काही माणसे पलीकडून नदी ओलांडायला आली. बायका होत्या, पोरे होती. शिष्य हात वर करून जिवाच्या आकांताने ओरडू लागला. एका पोराने आईला विचारले, “तो काय विकतोय गं?”

“असेल काहीतरी,” आई म्हणाली. “आपल्याला नाही घ्यायचं. चल.”

आणि ती उतरली.

वाऱ्याबरोबर पाण्यावरून ते शब्द त्याच्यापर्यंत आले, आणि त्याला सगळे कळले. सांगण्याचे सारे मार्ग आपण वापरून, विकून, झिजवून टाकले आहेत. आता सांगण्यासारखे एकच उरले आहे. तो पाण्यात शिरला. जिथे तळ खाली घसरतो त्या खड्ड्याच्या कडेवर उतरला आणि हात पसरून उभा राहिला. पाणी छातीला लागले होते, प्रवाह त्याला ओढत होता, आणि त्याला टक्कर देत उभे राहताना त्याचे सगळे शरीर एका बाजूला कलले होते.

ती माणसे थांबली. पोराच्या आईने त्याला उचलून कडेवर घेतले आणि ती मागे फिरली.

अलीकडच्या काठावर तान्हाबाई धुण्याशी बसली होती. गिरजा गेल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने मान वर करून पाण्यात तिरप्या उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहिले. मग तिने हातातली गोधडी उचलली, आणि ती चार दगड मागे सरकून बसली.